माळ्यावरचा हाय-फाय आणि घरची पंचायत

बेळगावात शहापूर-वडगावकडचं एखादं जुनं घर पाडायला काढलं की माळ्यावरून तांब्याचा बंब, लग्नातले पितळी डबे आणि गोणपाटात गुंडाळलेलं एक अवजड धूड खाली येतं. बंबाचं आणि डब्यांचं काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं. धुडाचं ठरत नाही. गोणपाट सोडलं की आतून ॲल्युमिनियमच्या तोंडाचा अ‍ॅम्प्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर आणि हात लावला की काळी पूड सांडणारे दोन स्पीकर निघतात आणि पंचायत बसते. काका म्हणतात, "लाखाला जातंय ओ हे, मुंबईत." आत्या म्हणतात, "किलोवर घालून टाका की, जागा तरी मोकळी होईल." आणि कॅसेट संपल्यावर जन्मलेला पुतण्या काही न बोलता वायर घेऊन प्लगकडं निघालेला असतो.

आधी त्या पुतण्याला धरा. ठेवायचं की विकायचं हा प्रश्न दिवाळीपर्यंत थांबतो; प्लग एकदा घातला की बऱ्याचदा प्रश्नच उरत नाही.

मागची पाटी वाचा. आखातातून कुणी आणलेल्या सेटला मागं 110, 127, 220, 240 अशी फिरवायची चकती असते आणि ती नेमकी 110 वर असते. जपानच्या घरगुती बाजारातल्या सेटला चकतीबिकती काही नाही, नुसता 100 व्होल्ट. आपल्या 230 मध्ये तो घातला की ट्रान्सफॉर्मर जातो, आणि जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचं वजन, किंमत आणि अब्रू तिन्ही ट्रान्सफॉर्मरमध्येच असतात. त्याच पाटीवर किती वॅट खातो तेही लिहिलेलं असतं. नव्वदीतल्या प्लॅस्टिकच्या म्युझिक सिस्टीमवर पुढं '1200 वॅट पीएमपीओ' (जाहिरातीतला फुगवलेला आकडा) आणि मागं '40 वॅट' असं दिसलं तर मागच्यावर विश्वास ठेवा. चाळीस खाऊन बाराशे द्यायला ते यंत्र काही अन्नपूर्णा नव्हे.

मग फ्यूज काढून बघा. काचेच्या नळीत केसाएवढी तार हवी. पूर्वी कुणीतरी तिच्याजागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली असते. (निपाणीकडच्या सेटमध्ये तांब्याची तार सापडण्याचा संभव जास्त, विडीच्या बंडलात चांदी कुठली?) चांदी दिसली की समजा, हा सेट एकदा मेलाय आणि मारणाऱ्यानं पुरावा मागं ठेवलाय.

आता सिरीज बोर्ड. एका बोर्डावर होल्डर आणि सॉकेट अशी जोडायची की सेटला जाणारा करंट आधी बल्बातून जाईल. जोडणी वायरमनकडून करून घ्या. बल्ब 60 किंवा 100 वॅटचा, जुना पिवळा, तारेचाच हवा. एलईडीला स्वतःचं सर्किट असतं, ती करंट आवरत नाही. तारेचा बल्ब तापला की त्याचा रोध वाढतो आणि तोच सेटला वाचवतो. बल्ब क्षणभर भक्कन पेटून मंद झाला तर आतले कंडेन्सर (वीज साठवणारे डबे) भरले, ठीक आहे. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे: डायोड, ट्रान्झिस्टर, नाहीतर पंधरा वर्षांपूर्वी उबेला शिरलेली पाल. बल्बाचा हा खटाटोप कंडेन्सरसाठी. पडून राहिलेल्या कंडेन्सरचा आतला थर विरलेला असतो, रसायन सुकलेलं असतं. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर ते तापतात, फुगतात आणि कधी कधी आवाज करून जातात. व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, सेट असेल तर प्लग काढल्यावरही आत 250-300 व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. तो उघडणं पुतण्याचं काम नव्हे, काकांचं तर नव्हेच.

बल्ब मंद झाला म्हणून लगेच स्पीकर जोडून भजन लावू नका. सेटच्या मागं स्पीकर जोडायची जी तोंडं असतात त्यांवर मल्टिमीटर डीसीवर लावा. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर बरं. काही व्होल्ट दिसले तर आउटपुटचा ट्रान्झिस्टर गेलाय. तसाच स्पीकर जोडलात तर त्याची कॉइल जळेल आणि दुरुस्तीची यादी दुप्पट होईल. आवाजाचं बटण फिरवताना होणारी खरखर मात्र किरकोळ. कंट्रोलमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा आणि बटण दहा-वीसदा पुढं-मागं फिरवायचं. दाराच्या बिजागरीला मारतात तो स्प्रे नको, तो आत तेल ठेवतो आणि त्यावर धूळ येऊन बसते.

स्पीकरमधून सांडणारी पूड म्हणजे वूफरच्या, खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या कोनच्या, कडेचा फोम. पंधरा-वीस वर्षांत तो मांड्यासारखा बोटात चुरतो. घाबरू नका, नवा फोम चिकटवता येतो. रबर किंवा कापडाची कड असेल तर बहुधा ती शाबूत असते. कोन चारी बोटांनी सरळ आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल अडकलीय. मीटरवर 8 ओहमचा स्पीकर 6-7 दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर आत्यांचा ठराव मंजूर.

रेकॉर्ड प्लेअर हे वेगळंच प्रकरण. तबकडीखालचा बेल्ट वितळून डांबर झालेला असतो. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं आणि पुसून झाल्यावर त्या हातानं कुंद्याचा डबा उघडायचा नाही. काही प्लेअरमध्ये बेल्टऐवजी रबरी चाक असतं, ते कडक झालं की प्लेअर गडगडतो. अमेरिकेहून आलेल्या प्लेअरची गंमत अशी, की व्होल्टेज बदलायला ट्रान्सफॉर्मर मिळतो, हर्ट्झ, म्हणजे विजेचे सेकंदाचे हेलकावे, बदलायला मिळत नाही. तिकडं 60, आपल्याकडं 50. त्याची मोटर वीजपुरवठ्याच्या तालावर चालणारी असेल, तर 33⅓ फेऱ्यांच्या जागी जेमतेम पावणेअठ्ठावीस होतात आणि पेटीच्या काळी चारातल्या बाई पांढरी चारात गायला लागतात. घरचे म्हणतात, रेकॉर्ड खराब आहे. मोटरवरची पुली बदलली की बाई जागेवर येतात.

सुईचंही बघा. मॅग्नेटिक काटा 3 ते 5 मिलिव्होल्ट देतो, तो सेटच्या मागं 'फोनो' लिहिलेल्या तोंडातच जायला हवा. दुसरीकडं घातला तर आवाज मच्छरासारखा, कारण रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो आणि तो फोनोचं सर्किट परत भरतं. पत्र्याच्या पेटीत 78 च्या लाखेच्या तबकड्या निघाल्या तर त्यांना एलपीची सुई चालत नाही, जाड सुई लागते. आणि त्या स्पिरिटनं पुसायच्या नाहीत. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. इथून जवळच सुळेभावीत 1924 मध्ये जन्मलेल्या कुमार गंधर्वांची एखादी तबकडी हाती लागायची आणि स्वच्छतेच्या उत्साहात तेच फडक्यावर यायचे.

एवढं झालं की निर्णय सोपा होतो, असं म्हणवत नाही. निदान भांडण मुद्द्यावर येतं. ट्रान्सफॉर्मर आणि वूफर जिवंत असतील तर दुरुस्त करा. कॅसेट डेकच्या मागं लागू नका असं माझं स्पष्ट मत; बेल्ट, रबरी रोलर, हेड, सगळंच गेलेलं असतं. व्हॉल्व्हचा रेडिओ मुका असला तरी ठेवा, फक्त त्याच्या पोटात ब्लूटूथ बसवू नका. कारागीर ही खरी अडचण. गल्लीतल्या रेडिओवाल्याचा मुलगा आता मोबाईल विकतो, आणि दुसरा कुणी झाकण उघडून बघतो आणि "आगंगिल्ल री" (होणार नाही हो) म्हणून हात वर करतो. मग कोल्हापूर नाहीतर हुबळी. बसनं पाठवताना रेकॉर्ड प्लेअरच्या सुईच्या दांडीचं मागचं वजन काढा, दांडी बांधा, तबकडीचं ताट वेगळं गुंडाळा.

विकायचं असेल तर मागच्या पाटीचा स्वच्छ फोटो द्या आणि "ठेवलं तेव्हा चालू होतं" हे वाक्य गिळा. जगातला प्रत्येक बंद सेट ठेवला तेव्हा चालूच होता. आणि फोटोसाठी पुढचं तोंड घासणीनं चकचकीत करू नका. अक्षरं जातात, मग कुठलं बटण कशाचं ते देवच जाणे.

ठेवायचं ठरलं तर आपला पाऊस लक्षात घ्या. जूनमध्ये प्लॅस्टिकनं झाकलेल्या स्पीकरच्या काळ्या कापडावर ऑगस्टपर्यंत पांढरी बुरशी येते. सुती चादर टाका, भिंतीपासून वीतभर पुढं ठेवा, आठवड्यातून तासभर वाजवा.

वाजवण्याआधी मात्र वाटणी उरका. मुका असेपर्यंत सेटला मालक नसतो. पहिला सूर निघाला की पुण्याच्या चुलतभावाचा फोन येतो, "ते आमच्या बाबांचं होतं ना?" द्यायचंच असेल तर अ‍ॅम्प्लिफायर एकाला, प्लेअर दुसऱ्याला चालेल. स्पीकर मात्र एकेक वाटू नका. जोडी फुटली की एकट्याला निम्मी किंमतही कुणी देत नाही.