बेकी, असुका आणि ती ब्रीफकेस

माझ्या वयाच्या कितीतरी मुलींनी डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे टीव्हीवरची ती अमेरिकन कुस्ती, भावांच्या मांडीला मांडी लावून पाहिलंय, आईची बोलणी खात. "ते सगळं खोटं असतं" असं कुणी म्हणालं की मला अजून राग येतो. निकाल आधी ठरलेला असतो, मान्य. पण शिडीवरून कोसळणारं अंग खरं असतं, आणि त्या अंगात बाळ वाढत असेल तर तेही खरंच.

११ मे २०२० चा 'रॉ', म्हणजे त्यांचा दर आठवड्याचा कार्यक्रम, मी कितीदा पाहिला असेल! कोरोनामुळे ऑरलँडोचा हॉल रिकामा, टाळ्या वाजवायला कुणी नाही. तेव्हाच्या चॅम्पियन बेकी लिंचचे डोळे भरून आलेले. पैलवान असुका आदल्या रात्री जिंकलेल्या ब्रीफकेससाठी तणतणत रिंगमध्ये आली. तिच्यात एरवी चॅम्पियनशी लढायच्या संधीचा करार असतो, तर आत चक्क चॅम्पियनचा बेल्टच! ती तो घेऊन नाचायला लागली. बेकीनं तिला सांगितलं, तू लढायला जा, मी आता आई होणार आहे. क्षणभर असुकाला उमगेचना, आणि मग तिनं आनंदानं बेकीला मिठी मारली. मी फोनसमोर रडले.

कारण याच कंपनीनं आधी काय दाखवलं होतं ते मला आठवतं. २००० साली ७५ ओलांडलेल्या पैलवान मे यंगला बाळंत करून रबरी हात जन्माला घातला. २००४ मध्ये कथेत पैलवान लिटाला केन या पैलवानापासून दिवस गेले. स्निट्स्की नावाच्या पैलवानानं केनला खुर्ची हाणली, केन तिच्या अंगावर पडला आणि बाळ गेलं. पुढे "माझी चूक नव्हती" हेच स्निट्स्कीचं पेटंट वाक्य झालं. बाईचा गर्भपात, आणि त्यातून एका पुरुषाची ओळख तयार होते! मला ते आजही सहन होत नाही.

आता चित्र बदललंय. ऑगस्ट २०२५ मध्ये पैलवान नेओमीनं महिन्याभरापूर्वी जिंकलेला बेल्ट गरोदरपणामुळे सोडला, तेव्हा समोरच्या गर्दीनं तिला डोक्यावर घेतलं. पण हे पैलवान कागदोपत्री कंपनीचे नोकर नसतात, स्वतंत्र कंत्राटदार असतात. अमेरिकेच्या कायद्यातली १२ आठवड्यांची बिनपगारी रजासुद्धा नोकरांसाठी. म्हणजे पोटुशी बाईला काय मिळणार हे तिच्या करारावर आणि मालकाच्या मर्जीवर. बेकीसाठी दार उघडं राहतं हो, ती स्टार आहे. जिचं नाव पोस्टरवरही येत नाही, तिचं काय? बाळंतपणाची रजा आणि मानधन प्रत्येकीच्या करारात लिहिलेलंच हवं, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

आणि एक सल आहे. २१ ऑगस्ट २०२१ ला बेकी परतली. लेक वर्षाचीही नव्हती. तिनं तेव्हाच्या चॅम्पियन बियांका बेलेअरला २६ सेकंदांत हरवलं. माझी मुलगी तेवढी असताना भरलेली बादली उचलायचीही मला भीती वाटायची. बेकीनं पुन्हा ताकद कशी कमावली असेल, कुठे दुखलं असेल, किती वेळा दम लागला असेल, ते मला त्या कुस्तीत पाहायचं होतं. २६ सेकंदांत त्यातलं काहीच दिसलं नाही.