रात्री ऑक्सिजन देणारं झाड कुठेच नाही

नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो. झाडं दिवसा ऑक्सिजन सोडतात आणि रात्री श्वास घेतात, म्हणून रात्री झाडाखाली झोपू नये आणि झोपायच्या खोलीत कुंडी ठेवू नये. पिंपळ, तुळस, कोरफड आणि स्नेक प्लांट मात्र चोवीस तास ऑक्सिजन देतात, 'नासा'नेही ते सिद्ध केलं आहे आणि तुळस तर पहाटे ओझोनसुद्धा सोडते. शाळेत शिकलेली पेशीअंगकं, म्हणजे पेशीच्या आतले वेगवेगळी कामं करणारे भाग, नीट आठवली, तर यातलं फारच थोडं टिकतं.

"झाडं श्वास रात्रीच घेतात." या समजाच्या मुळाशी शाळेतला एक घोटाळा आहे. प्राणीपेशीत तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया), वनस्पतीपेशीत त्यांच्या जागी हरितलवकं (क्लोरोप्लास्ट), असं अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. खरं तर वनस्पतीपेशीत तंतुकणिका असतातच, आणि हिरव्या भागांत त्यांच्या जोडीला हरितलवकं असतात. हरितलवक साखर तयार करतं. ती साखर पेशीद्रव्यात अर्धवट फुटते, आणि पुढचं काम तंतुकणिकेत होतं. तिच्या घड्या पडलेल्या आतल्या पटलावर ऑक्सिजन खर्ची पडतो आणि पेशीला लागणारी ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूच्या रूपात मिळते. हे काम दिवसा थांबत नाही. भर उन्हात हरितलवकांचा वेग श्वसनाच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे तंतुकणिकांनी सोडलेला बराचसा कार्बन डायऑक्साइड पानाबाहेर पडण्याआधीच वापरला जातो. बाहेरून मोजलं तर फक्त ऑक्सिजन येताना दिसतो, एवढंच.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तुरीत किंवा हळदीत पाणी साचून राहिलं की पीक पिवळं पडतं, भर पाण्यात उभं असूनही माना टाकतं. मुळांच्या पेशींत हरितलवकं नसतात, त्यांचा सगळा भार तंतुकणिकांवर असतो. मातीच्या पोकळ्यांतली हवा पाण्याने हुसकली की त्यांना ऑक्सिजन मिळत नाही, आणि हे भरदिवसाही घडतं. भाताला पाणी सोसतं, कारण त्याच्या खोडा-मुळांत हवा वाहून नेणाऱ्या पोकळ्या असतात. मोड काढायला कापडात घट्ट बांधलेली मटकी हाताला कोमट लागते, तीही या श्वसनाच्याच उष्णतेने. कमळाचं तर नवलच! ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या वनस्पती उद्यानात केलेल्या आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत बाहेरची हवा १० अंशांवर उतरली, तरी फुलाचं तापमान ३० अंशांच्या वर टिकून होतं. ती ऊब फुलातल्या पेशींच्या जोरदार श्वसनाची होती.

"काही झाडं रात्रीही ऑक्सिजन देतात." हा संदेशाचा कणा आहे आणि तो साफ चुकीचा आहे. झाडातला ऑक्सिजन एकाच ठिकाणी तयार होतो. हरितलवकाच्या आत थायलॅकॉईड नावाच्या चपट्या पिशव्यांच्या चळती असतात. त्यांच्या पटलात चार मँगनीज आणि एका कॅल्शियमच्या अणूचं एक केंद्र असतं. तिथे पाण्याचे दोन रेणू फुटले की ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो, आणि हे फुटणं प्रकाशाच्या ऊर्जेवरच चालतं. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबिन हिल यांनी १९३७ च्या सुमारास पानातून हरितलवकं वेगळी काढली, त्यांना लोहाचा योग्य क्षार दिला, आणि प्रकाशात त्यांनी पेशीबाहेरही ऑक्सिजन सोडला. त्याच्या कितीतरी आधी, १७७९ मध्ये, डच वैद्य यान इंगेनहाउस यांनी दाखवलं होतं की ऑक्सिजन फक्त हिरव्या भागांतून आणि फक्त उजेडात निघतो. पिंपळाची आणि तुळशीची हरितलवकं याला अपवाद नाहीत.

मग कोरफडीचं नाव यात आलं कुठून? इथे संदेशाने एका सुंदर गोष्टीचा चुरा केला आहे. कोरफड, निवडुंग, अननस, पानफुटी आणि स्नेक प्लांट या वनस्पती पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, मुख्यतः रात्री उघडतात. तेव्हा आत येतो तो कार्बन डायऑक्साइड. त्यापासून मॅलिक आम्ल बनतं आणि ते रिक्तिकेत साठतं. रिक्तिका म्हणजे नुसती रिकामी जागा असं वाटत असेल, तर या झाडांकडे पाहावं. पेशीचा बहुतेक भाग व्यापणारी ही पिशवी रात्रभर आम्ल भरून घेते आणि दिवसा ते परत देते. मग बंद रंध्रांआड त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि हरितलवकं तो उन्हात वापरतात. भारतात काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी १८१३ च्या एका पत्रात पानफुटीबद्दल लिहिलं होतं, की तिचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारपर्यंत बेचव होतं आणि संध्याकाळी कडवट. रात्री रिक्तिकेत काय जमतं ते त्यांच्या जिभेने ओळखलं होतं. थोडक्यात, ही झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड घेतात हे खरं. त्याचं 'रात्री ऑक्सिजन देतात' असं कुणीतरी करून टाकलं, आणि ते तसंच पुढे गेलं.

'नासा'चा आधार म्हणून ज्या १९८९ च्या अहवालाकडे बोट दाखवतात, त्यात बंद पेट्यांमधल्या हवेतून बेंझीन, फॉर्मल्डिहाइड यांसारखी रसायनं कुंडीतली झाडं किती काढून घेतात हे पाहिलं होतं. रात्रीच्या ऑक्सिजनचा तो प्रश्नच नव्हता.

"रात्री झाडाखाली किंवा कुंडीजवळ झोपू नये." साप-विंचवासाठी किंवा वाळकी फांदी पडेल म्हणून झाडाखाली झोपू नका, ते मला मान्य आहे. हवेसाठी मात्र भीती नको. एक चौरस मीटर पानांतून रात्री मिनिटाला साधारण एक-दोन मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. शेजारी झोपलेला माणूस मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर सोडतो. ज्या खोलीत दोघं निर्धास्त झोपतात, तिथली तुळशीची कुंडी बाहेर काढायचं काहीच कारण नाही.

ओझोनबद्दल एवढंच, की तो फुप्फुसांना अपायकारक आहे आणि पानांत शिरला तर पेशींची पटलं बिघडवतो. तो तयार करून सोडणारं अंगक तुळशीच्या पेशीत नाही.

हा संदेश निरुपद्रवी आहे असं मला वाटत नाही. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन मिळेनासा झाला, तेव्हा उत्तर प्रदेशात रुग्णांना पिंपळाखाली आणून झोपवल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्या लोकांना दोष देववत नाही, त्यांच्या हाताशी दुसरं काही नव्हतं. पण मोकळ्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. पिंपळाखाली दिवसाही तेवढाच असतो, कारण पानांतून निघालेला वायू लगेच आजूबाजूच्या हवेत मिसळून जातो. ज्याच्या रक्तातला ऑक्सिजन घसरला आहे त्याला २१ टक्क्यांहून अधिक प्रमाणात तो द्यावा लागतो, आणि ते काम सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर करतो. अशा रुग्णाला झाडाखाली नेण्यात गेलेला वेळ दवाखान्यात पोहोचण्याच्या वेळेतून वजा होतो.