फोडणीचा रॉड

आमच्या घरात इंडियाहून आणलेला एक स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर आहे. वजनाला वरवंट्यासारखा, दिसायलाही साधारण तसाच. तो इथल्या ११० व्होल्टचे २२० करतो आणि त्यावर बायकोचा मिक्सर चालतो. अमेरिकेत चौदा वर्षं झाली, तीन गाड्या बदलल्या, मिक्सर तोच. इथल्या ब्लेंडरमध्ये ओल्या खोबऱ्याचं वाटण होत नाही, नुसता चुरा होतो, असं तिचं ठाम मत आहे. हे सगळं आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे घडलं त्यात चूक कोणाची हे ज्याचं त्याने ठरवावं.

आम्ही राहतो पेनसिल्व्हेनियात, बेलफोंटजवळ. घरापासून दहा मिनिटांवर स्प्रिंग क्रीक नावाचा ओढा आहे. चुनखडीतून आलेल्या झऱ्यांचं पाणी, त्यामुळे उन्हाळ्यात गार, थंडीत न गोठणारं, आणि त्यात रानटी ब्राउन ट्राउट. तो मासा मी फ्लाय फिशिंगने धरतो, निदान तसा प्रयत्न करतो. यात गळाला खरं आमिष लावत नाहीत. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा लावतात. त्या किड्याला वजनच नसतं, म्हणून फेकायची असते ती दोरी. चार नंबरच्या दोरीची पहिली ३० फूट भरतात १२० ग्रेन, म्हणजे तोळ्याहूनही कमी. एवढ्याशा वजनाने वाकेल आणि परत उसळी घेईल अशी काठी लागते. हल्लीचे ग्राफाइटचे रॉड फार तडफदार. फायबरग्लासचा रॉड मात्र रविवारी मटण जेवून उठलेल्या माणसासारखा. मागे जातो, जरा थांबतो, मग सावकाश पुढे येतो. आमचं जमलं.

सासूबाई मालवणच्या. त्यांना व्हिडिओ कॉलवर हा छंद समजावताना मी मोठी चूक केली: या ओढ्यातला मासा घरी आणता येत नाही, हे सांगून बसलो. पाण्यात पूर्वी रसायनं उतरली होती, म्हणून १९८२ पासून धरलेला मासा परत सोडावाच लागतो. सासूबाई बराच वेळ गप्प. कॉल अडकला की काय म्हणून मी फोन हलवून बघितला. मग त्यांनी मला टाळून लेकीला विचारलं, "मासो खावचो नाय, तर धरूचो कित्याक?"

लेकीकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, म्हणून मी रॉड बनवायला घेतला.

घरी केलेलं स्वस्त पडतं, ही आपली चकलीपासूनची समजूत. रॉडची नुसती नळी, तिला ब्लँक म्हणतात, तयार रॉडच्या निम्म्या किमतीत मिळाली. उरलेल्या निम्म्यात कॉर्कची मूठ, रीळ बसवायची सीट, दोरी ओवायच्या तारेच्या कड्या, त्या रॉडला बांधायचा दोरा आणि त्यावर चढवायचं, वाळून काचेसारखं होणारं एपॉक्सी आलं. मग ज्याच्याशिवाय यातलं काहीच होत नाही असं बरंच काही आलं, आणि मी हिशोब लिहिणं बंद केलं. तसा फायबरग्लासच्या रॉडचा जन्मच घरगुती दुरुस्तीतून झालाय. १९४०च्या दशकात, युद्धाच्या दिवसांत, आर्थर हॉवल्ड नावाच्या अमेरिकन गृहस्थांच्या बांबूच्या रॉडचं टोक मोडलं. त्यांनी काचेचे तंतू आणि प्लॅस्टिक वापरून नवं टोक बनवलं, आणि त्यातून पुढे शेक्सपिअर कंपनीची 'वंडररॉड' बाजारात आली. हॉवल्डांच्या घरी मिक्सर होता की नाही, याची नोंद मला सापडली नाही.

पहिलं काम ब्लँकचा कणा शोधणं. प्रत्येक नळी एका बाजूला थोडी जास्त ताठ असते. बूड जमिनीवर टेकवायचं, टोक तळहातावर धरायचं, मधे दाबून नळी फिरवायची. एका जागी ती टुणकन उडी मारते. मी तासभर स्वयंपाकघरात ओणवा. बायको दारात येऊन म्हणाली, "लाटून झालं की सांग, मला फरशी पुसायचीय."

मग मूठ. कॉर्कचं भोक गोल कानशीने वाढवायचं, मधूनमधून बसते का बघायचं. मी मधूनमधून बघायला विसरलो. मूठ आजोबांच्या कवळीसारखी हलायला लागली. आत मास्किंग टेप गुंडाळून ती बसवली, आणि ही पद्धतच आहे असं घरात सांगितलं.

खरी परीक्षा दोऱ्याची. साडेसात फुटी रॉडला टोकाची सोडून नऊ कड्या. प्रत्येक कडीला दोन पाय. प्रत्येक पायावर दोऱ्याचे वेढे, भोवऱ्याला जाळी गुंडाळतात तसे घट्ट, एकाला एक चिकटून. बुटांच्या खोक्याला खाचा पाडून त्यात रॉड ठेवला, दोऱ्याला ताण राहावा म्हणून तो मोल्सवर्थच्या शब्दकोशात दाबून पुढे ओढला. त्या शब्दकोशाला चौदा वर्षांत प्रथमच काम मिळालं. एका पायाला चाळीसेक वेढे. पस्तिसाव्याला शिंक आली की पहिल्यापासून. दोरा मुद्दाम अबोली रंगाचा घेतला होता. रंग टिकवायचं वेगळं द्रावण एपॉक्सीच्या आधी लावायचं असतं, हे मला एपॉक्सी लावल्यावर कळलं. अबोली गेली, उकळलेल्या चहापत्तीचा रंग आला.

एपॉक्सी दोन बाटल्यांतली, समसमान मोजून कालवायची. लावली की ती खाली ओघळते, म्हणून घट्ट होईपर्यंत रॉड सतत फिरता ठेवावा लागतो, कित्येक तास. त्यासाठी मोटर विकत मिळते. पण तोवर मी घरात तिसऱ्यांदा 'आता हे शेवटचं' म्हणून चुकलो होतो. तळघरात 'गणपती' लिहिलेल्या खोक्यात बाप्पाच्या डोक्यामागे फिरणारं चक्र सापडलं. दादरहून आणलेलं. संथ, भक्तिभावाने फिरणारं. त्याची मोटर काढली, बाटलीचं झाकण लावून रॉडला जोडली. मोटर २३० व्होल्टची.

म्हणजे ट्रान्सफॉर्मर.

फेब्रुवारीचे दिवस, तळघर गारठलेलं, एपॉक्सीला ऊब हवी. म्हणून सगळा संसार स्वयंपाकघरात मांडला. रात्री आठला रॉड फिरायला लागला. इतका सुंदर दिसत होता की मी नमस्कार करणार होतो. साडेआठला मला ऑफिसचा कॉल होता. वर गेलो.

दुसऱ्या दिवशी जेवायला माणसं येणार होती. पापलेटचं कालवण, मासा फ्रोझन. वाटणासाठी बायकोने 'दोनच मिनिटं' मोटरची पिन काढली. परत लावायची राहिली. पाठोपाठ फोडणी झाली.

दहाला खाली आलो. रॉड स्थिर, आणि प्रत्येक वेढ्याखाली एकेक थेंब लोंबतोय, पावसाळ्यात वाळत घालायच्या तारेवर असतात तसे. आणि मुठीजवळच्या मोठ्या कडीपाशी, एपॉक्सीच्या बरोब्बर मधोमध, मोहरीचा एक दाणा. तडतडून उडालेला, काळाभोर, काचेत बसवल्यासारखा.

"दोन मिनिटं तर काढली," बायको म्हणाली.

थेंब पुढे मी ब्लेडने तासले. दाणा निघेना. निघाला असता तर दोऱ्यासकट निघाला असता.

एप्रिलमध्ये ओढ्यावर गेलो. नऊ इंचांचा एक ट्राउट लागला, सोडला. शेजारी एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ उभे होते, टोपीला चाळीसेक किडे टोचलेले. त्यांनी रॉड मागून घेतला, हवेत दोनदा झुलवला, मग चष्मा वर करून त्या कडीपाशी निरखून पाहिलं. हे काय बसवलंय, विचारू लागले. मी म्हटलं, आमच्याकडची पद्धत आहे.

त्यांनी बराच वेळ दाण्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, मला असा एक करून देशील? दोन दाण्यांचा?

घरी आल्या आल्या मी बायकोला विचारलं, "आता कालवण कधी करणार आहेस?"