कॅसिओवर पियानो येत नाही म्हणे

गेला आठवडाभर एक मेसेज फिरतोय, मला चौघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी मुद्दाम चिडवायला. मेसेजचं म्हणणं असं की घरी कीबोर्ड आणि मोबाइलवर ॲप घेऊन पियानो शिकणं म्हणजे पैसे पाण्यात. कारण काय तर ६१ पट्ट्यांवर पियानो होतच नाही, बोटं कायमची बिघडतात, ॲप म्हणजे निव्वळ व्हिडिओ गेम, त्यापेक्षा पेटी शिका पियानो आपोआप येतो, आणि असं शिकलेल्यांना नंतर कुठलाच शिक्षक घेत नाही. खाली हात जोडलेले. आता मी स्वतः एक्केचाळिसाव्या वर्षी असंच सुरू केलं, दोन वर्षं कीबोर्ड आणि ॲप, आता वर्षभर एका बाईंकडे शिकायला जातेय, त्यामुळे मला हे वाचून गप्प बसवेना.

आधी पट्ट्या. आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड असो, त्याला कॅसिओच म्हणतात, आणि घरोघरी असतो तो ६१ पट्ट्यांचा, म्हणजे पाच सप्तकं. पियानोला ८८. पण हा ८८ आकडा काही पियानोसोबत जन्माला आलेला नाही, तो पक्का झाला १८८० च्या दशकात. मोझार्टचा स्वतःचा पियानो, अँटन वॉल्टरने बनवलेला, साल्झबर्गला जपून ठेवलाय, त्याची रेंज बरोब्बर पाच सप्तकं! (सुरुवात वेगळ्या सुरावर होते, ते सोडा.) अठराव्या शतकातल्या बाख या संगीतकाराने शिकणाऱ्यांसाठी लिहिलेल्या इन्व्हेन्शन्स नावाच्या छोट्या रचना तर चार सप्तकांतच मावतात. मला पट्ट्या कमी पडल्या त्या दीड वर्षाने, डावा हात खाली गेला आणि बोट थेट प्लास्टिकवर आपटलं. म्हणजे कमी पडतात हे खरं, पण दीड वर्षाने. तोपर्यंत आपल्याला हे झेपतंय का, आवडतंय का हे तरी कळतं, आणि ते कळायच्या आधीच लाखाच्या घरातली वस्तू हॉलमध्ये आणून ठेवायची हा सल्ला मला तरी पटत नाही. शिवाय खरा पियानो लाकडाचा, पावसाळ्यात दमट हवेत लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, सूर हलतात, ट्यूनरला बोलवा. कीबोर्डला फडकं मारलं की झालं.

बोटं बिघडतात या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, "कायमची" हा शब्द सोडून. साध्या कीबोर्डच्या पट्टीखाली स्प्रिंग किंवा रबर असतं, पियानोच्या पट्टीला पलीकडे एक हातोडी उडवायची असते. मी बाईंच्या पियानोवर पहिल्यांदा बसले, एकदम हळुवार वाजवायला गेले आणि आवाजच आला नाही! पट्टी खाली गेली, पण हातोडी तारेपर्यंत पोचलीच नाही. कीबोर्डवर कसंही दाबा, काहीतरी वाजतंच, त्यामुळे असं होऊ शकतं हेच मला माहीत नव्हतं. महिनाभर करंगळी आणि अनामिका दुखत होत्या, मग सवय झाली. कायमचं वगैरे काही नाही. बाखच्या काळात घरी सराव व्हायचा तो क्लॅव्हिकॉर्ड या पट्ट्यांच्या जुन्या वाद्यावर, त्याच्या पट्ट्या एकदम हलक्या आणि आवाज इतका बारीक की शेजारच्या खोलीत धड ऐकू जाऊ नये, आपल्या हेडफोनसारखंच म्हणा ना. तीच माणसं मोठ्या चर्चच्या ऑर्गनवरही वाजवायची, बोटं शिकतात.

हात बिघडवणारी खरी गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. कीबोर्ड कॉटवर ठेवायचा आणि समोर मांडी घालून बसायचं. माझं पहिलं वर्ष असंच गेलं, मनगट सतत वाकडं, आणि दुखायला लागल्यावर मी दोष देत होते पट्ट्यांना. स्टँड आणला, कोपर पट्ट्यांच्या पातळीला आलं, पंधरा दिवसांत दुखणं बंद.

आता ॲप. व्हिडिओ गेम म्हणतात ते चूक नाहीच मुळी, सिंथेशिया या प्रसिद्ध सॉफ्टवेअरचं आधीचं नाव पियानो हिरो होतं, गिटार हिरो या गेमवरूनच घेतलेलं. वरून रंगीत ठोकळे पडतात, ते खाली आले की आपण पट्टी दाबायची. पण गेम आहे म्हणून काही येत नाही हे चूक, आणि गेम आहे म्हणून सगळं येईल हेही चूकच. ॲपला काय कळतं ते बघा. केबल लावली तर कीबोर्डकडून मिडी या डिजिटल भाषेत निरोप जातो की कुठली पट्टी, कधी दाबली, कधी सोडली आणि किती जोरात (टच सेन्सिटिव्ह नसेल तर जोराचा आकडा नेहमी एकच). केबल नसेल तर फोनचा माइक ऐकून अंदाज बांधतो आणि तीन सूर एकत्र आले, वर किचनमध्ये कुकरची शिट्टी झाली की गोंधळतो. माझं ॲप मार्क द्यायचं ते फक्त योग्य पट्टी आणि योग्य वेळ याचे. मी सगळं एकाच जोरात ठोकत होते आणि मला तीन-तीन तारे मिळत होते.

त्याहून वाईट तो थांबणारा मोड, म्हणजे तुम्ही बरोबर पट्टी दाबेपर्यंत ॲप वाट बघतं. सुरुवातीला बरं वाटतं पण आठ महिन्यांनी नवऱ्याने विचारलं की तू दर ओळीला अडखळतेस का, आणि मी म्हटलं कुठे अडखळते, मग रेकॉर्ड करून ऐकलं तर लयीचा पत्ताच नाही, तबलेवाला असता तर उठून गेला असता. तेव्हापासून तो मोड बंद, गाणं साठ टक्के वेगावर, मेट्रोनोम (लयीची टिकटिक) चालू आणि चुकलं तरी थांबायचं नाही. ठोकळेही बंद केले, फक्त स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेले सूर, समोर ठेवलं. पहिले तीन आठवडे अक्षरशः पहिलीतल्या मुलासारखं बोट ठेवून वाचत होते. म्हणजे नोटेशन त्याच ॲपवर आलं की.

पेटी शिका, पियानो आपोआप येतो हे वाचून तर मी हसलेच. मी शाळेत चार वर्षं पेटी वाजवलीय. फायदा झाला, पट्ट्या ओळखीच्या, काळी चार म्हटलं की बोट आपोआप जातं, कान तयार असतो. पण पेटीला डावा हात भात्यावर! पट्टी हळू दाबा की जोरात, फरक भात्याने पडतो, आणि बोट ठेवलंय तोवर सूर लांबतो. पियानोत सूर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो, आणि बाखच्या त्या इन्व्हेन्शन्समध्ये उजवा हात जे वाजवतो तेच थोड्या वेळाने डाव्याला वाजवायचं असतं. माझा डावा हात चार वर्षं हवा भरत होता, त्याला हे कुठून येणार? उलट ज्यांनी काहीच शिकलं नव्हतं ते डाव्या हातात माझ्यापुढे गेले.

शिक्षक घेत नाहीत म्हणे. मी तिघांना फोन केला, एकाने नाही म्हटलं, दोघे हो म्हणाले, बाईंनी एवढंच विचारलं की पायाने दाबायचं पॅडल आहे का. ट्रिनिटी कॉलेज लंडनची तर इलेक्ट्रॉनिक कीबोर्डसाठी आठव्या ग्रेडपर्यंत वेगळी परीक्षाच आहे. फक्त ती पियानोची परीक्षा नव्हे, त्यात डाव्या हाताने कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरून मागे ऑटो ठेका चालवणं वगैरे येतं, तेव्हा फॉर्म भरताना बघून भरा.

मेसेज पाठवणाऱ्यांपैकी एकाच्या मुलीचा कीबोर्ड दोन वर्षं कपाटावर पडलाय. काल त्याचा फोन आला, ॲप कुठलं घेऊ. म्हटलं आधी स्टँड घे, मग केबल, मग पॅडल, ॲपचं नंतर बघू.