सरांच्या फोटोखाली फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

आम्हा गल्लीतल्या पोरांना घरी बसवून शिकवणारे आमचे कॅथलिक सर वारले, त्याला महिनाही झाला नाही आणि त्यांचा फोटो लावून एक मेसेज नाशिकरोडभर फिरतोय. परवा मामांनी तो आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. लगेच आईचा फोन: "काय रे, खरं आहे का हे?" ज्या माणसाच्या घरी तिने दर होळीला पुरणपोळ्या पाठवल्या, त्याच्याबद्दल तिच्याही मनात शंका आली. म्हणून गप्प बसवत नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. कॅथलिक माणसं शिकवण्याच्या नावाखाली पोरं गोळा करून बाटवतात. एका पोरामागे व्हॅटिकनकडून पैसे येतात. पुरावा म्हणून नाशिकमधली शरणपूरची ख्रिस्ती वसाहत बघा. त्यांचा संत डॉन बॉस्को यानेच खाऊचं आमिष दाखवून पोरं ओढायची रीत काढली. गोव्यात काय झालं ते आठवा. आणि बाळ येशूची यात्रा हाही त्याच कामाचा भाग.

शरणपूरचं आधी सांगतो, कारण ते दोन ओळींत निकालात निघतं. ती वसाहत १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने उभी केली. ती इंग्लंडच्या चर्चची संस्था, म्हणजे प्रोटेस्टंट. पोपचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट आफ्रिकेत फिरलेल्या प्रसिद्ध मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत लंडनला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटी धरणाऱ्यांत उभा होता. नाशिकमध्ये राहून एवढंही माहीत करून न घेता मेसेज लिहिणाऱ्याचं बाकीचं काय खरं मानायचं?

आता पैसे. हा आरोप सगळ्यात घाणेरडा आहे. सर प्रेसमध्ये, म्हणजे नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात, कामाला होते. ड्यूटी संपली की घरी येऊन हातपाय धुवायचे, छातीवर क्रूसाची खूण करायचे आणि पुढच्या खोलीत आम्हाला घेऊन बसायचे. आयटीआयचा फॉर्म, अप्रेंटिसचा फॉर्म, जातीच्या दाखल्याचा अर्ज, सगळं त्या एका टेबलावर भरलं गेलं. प्रत्येकाची झेरॉक्स ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे, कारण आमच्यापैकी कोणीतरी मूळ कागद हरवणार हे त्यांना ठाऊक असायचं. फॉर्मची फी त्यांच्या पगारातून जायची, ओव्हरटाइम मिळाला तर त्यातून. बाहेरून पैसा येण्याचं म्हणाल, तर परदेशी देणगी घ्यायला संस्थेला एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा होते. दोन खोल्यांत राहणाऱ्या कामगाराला 'पोरामागे पैसे' कुठल्या वाटेने येत होते, ते मेसेजवाल्याने सांगावं.

आणि समजा, खरंच डोक्यामागे पैसे मोजून धर्मांतर चालू असतं, तर डोकी कुठेतरी दिसायला हवीत. जनगणना सरकार करतं, चर्च नाही. १९५१ मध्ये देशात ख्रिस्ती लोक सुमारे २.३ टक्के होते. २०११ मध्येही २.३ टक्केच. आपल्या महाराष्ट्रात २००१ ला १.०९ टक्के होते, ते २०११ ला ०.९६ टक्क्यांवर आले. टक्का वाढला नाही, उलट घटला. आई, तुला शंका आली तर एवढा एकच आकडा लक्षात ठेव.

डॉन बॉस्कोचा फोटो सरांच्या भिंतीवर होता, त्यामुळे त्याच्याबद्दल आम्हाला थोडं ठाऊक आहे. इटलीतल्या तुरीन शहरात गावाकडून आलेली पोरं कारखान्यांत, बांधकामांवर राबायची आणि मालकांचा मार खायची. या पाद्र्याने त्यांच्यासाठी मालकांशी लेखी करार केले. फेब्रुवारी १८५२ चा, एका सुताराबरोबरचा करार आजही जपलेला आहे. त्यात लिहिलंय की मालकाने पोराला फक्त शब्दांनी समज द्यायची, हात उचलायचा नाही. धंद्याबाहेरची कामं सांगायची नाहीत. सणाच्या दिवशी मोकळं सोडायचं. खाली डॉन बॉस्कोची सही आहे. खाऊचं आमिष दाखवणारा माणूस मालकाला मुद्रांकाच्या कागदावर बांधून कशाला घेईल? आमच्यातल्या एकाला गॅरेजवाल्याने पान्याने मारलं, तेव्हा सर त्याच्या दुकानात जाऊन उभे राहिले होते. ते कुठून आलं, हे तो करार वाचल्यावर कळतं.

सर धार्मिक होते, हे खरं, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. शर्टाच्या खिशात जपमाळ असायची, रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्याशिवाय ते कोणाला भेटायचे नाहीत. येशूबद्दल विचारलं तर मनापासून सांगायचे. एकाने उत्साहाच्या भरात "मी पण ख्रिस्ती होतो" म्हटलं, तेव्हा ते म्हणाले, "आधी दहावी हो. आणि आईला विचारलंस का?" श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी आम्ही त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या फेरीला निघायचो, तेव्हा त्यांची बॅटरी आमच्या हातात असायची. परत आलं की पाय दाखवायला लावायचे, काटा मोडलाय का बघायला.

गोव्याचं नाकारून चालणार नाही. तिथलं इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांच्या काळातलं चर्चचं धर्मन्यायालय, १५६० मध्ये सुरू झालं, मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चाललं, आणि त्यात माणसांचे हाल झाले. कॅथलिकांनीही ते मान्य करायला हवं. पण त्याचा हिशेब जेलरोडच्या एका कामगाराच्या नावावर कसा लावता?

बाळ येशूच्या यात्रेबद्दल एवढंच, की फेब्रुवारीत तिथे मेणबत्ती लावणारी आमच्या गल्लीतली माणसं वणीच्या देवीलाही चालत जातात. कोणी त्यांना धरून नेत नाही.

मेसेजमध्ये 'शेकडो पोरं बाटवली' असं लिहिलंय. एक नाव द्या. सरांची पोरं कुठे पळून गेलेली नाहीत. कोणी प्रेसमध्ये आहे, कोणी एकलहऱ्याला, कोणी सातपूरला कंपनीत. मामा, त्यातल्या कितीतरी जणांच्या लग्नाला तुम्ही आलात, अक्षता टाकल्यात, पंगतीत जेवलात. तो मेसेज ग्रुपवरून काढा, आणि ज्यांना ज्यांना पुढे पाठवलात त्यांना हेही पाठवा.