पाणी मोजावं ते श्रावणात

तलावाचं भूमिपूजन उरकलं असेल, तर त्यात पाणी कुठून येणार ते बघायला आता हरकत नाही. घाई मात्र नको. श्रावण लागू द्या, मग गाडी काढा. इगतपुरीला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि सिन्नर-येवल्याला ५००-६०० साठी आभाळाकडे डोळे. हा फरक अहवालात अडचणीचा ठरतो, म्हणून सरळ नाशिक जिल्ह्याची सरासरी घ्या.

ओढ्याच्या प्रवाहाचा वेग मोजणं सोपं. सरळ पात्र बघून वीस मीटरवर दोन काठ्या रोवा, वरच्या काठीपाशी लिंबू सोडा, खालच्या काठीपाशी घड्याळ घेऊन उभे राहा. पाणी वरवर पळतं आणि तळाशी रेंगाळतं, म्हणून जाणकार त्या वेगाला ०.८५ नं गुणतात. तुम्ही गुणू नका, फुकट पंधरा टक्के तलाव जातो. लिंबू दगडाआड अडकलं, तर ते माप बाद धरा. काठावरचे बाबा म्हणतील, "दिवाळीनंतर या सायेब, म्हशीचं खूर बी भिजत नाही इथं." त्यांना चहा पाजा. फॉर्मात बाबांसाठी रकाना नसतो.

सिंचनाला ७५ टक्के विश्वासार्हतेचं पाणी धरायची रीत आहे, म्हणजे चार वर्षांत तीनदा तरी मिळेल असं. एवढ्यावर तलाव केवढासा होणार? ५० टक्के धरा, आकडा लगेच बाळसं धरतो. उरलेल्या वर्षी टँकर आहेतच.

तरी कमी पडलं, तर ओढे वळवा. मांजरपाड्याला पार खोऱ्यातलं, समुद्राकडे निघालेलं पाणी बोगद्यातून उनंदा नदीत आणि पुढे पुणेगाव धरणात आणलं. तुम्हाला एवढा डोंगर पोखरायची गरज नाही. शेजारच्या गावाच्या बंधाऱ्यात जाणारा ओढा वळणचारी काढून आपल्याकडे घ्या. तो त्यांच्या हिशेबात आधीच धरलाय का, हे विचारत बसू नका. एकच ओढा दोन अहवालांतून वाहिला म्हणून कागद थोडाच भिजतो! खाली गोदावरीवरच्या जायकवाडी धरणात १५ ऑक्टोबरला ६५ टक्के साठा नसेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं, असं जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशात आहे. ते परिशिष्टात टाका. परिशिष्ट कुणी वाचत नाही. (मीही नाही.)

बाष्पीभवन, गाळ वगैरे शेवटच्या पानावर उरकून टाका. गंगापूर धरणाची क्षमता गाळानं खाल्ली, पण त्याला निदान काही दशकं लागली. तोवर तुमची बदली झालेली असेल.

मार्चमध्ये टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी सात नंबरचा पाणी-मागणीचा फॉर्म भरून पाण्याची पाळी मागायला येईल. द्राक्षबाग जळतेय म्हणेल. फॉर्म ठेवून घ्या, पोच द्या. लिंबू मात्र नवीन आणून ठेवा. येत्या श्रावणात तलावाची उंची वाढवायची पाहणी आहे.