१२६ असताना ६३ का?

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात ऑक्झॅलिक आम्लाचे प्रमाणित, म्हणजे नेमकी तीव्रता माहीत असलेले, द्रावण तयार करायचे होते. फळ्यावर इक्विव्हॅलंट वेट ६३ लिहिले होते, तर बाटलीच्या लेबलवर रेणुभार १२६.०७ छापलेला होता. हा निम्मा आकडा कुठून आला, एवढेच मी विचारले. त्यावर शिक्षकांकडून मिळालेले उत्तर होते, "सूत्रात तसेच आहे, वेळ घालवू नका, जर्नल पूर्ण करा." त्या उत्तराचा मला अजूनही संताप येतो.

खरे उत्तर दोन मिनिटांचे आहे. ऑक्झॅलिक आम्लाचा एक रेणू दोन हायड्रोजन आयन देतो, म्हणून त्याच्या एका मोलला (मोल म्हणजे रेणू मोजण्याचे ठरावीक संख्येचे एकक) सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन मोल लागतात आणि म्हणूनच १२६ ला दोनाने भागायचे. एवढे कळले, की ०.१ मोलर आम्लाच्या १० मिलीला तेवढ्याच तीव्रतेचे सोडियम हायड्रॉक्साइड २० मिली लागणार, हे विद्यार्थी तोंडी सांगतील. ते न कळल्यामुळे आमच्या वर्गातील निम्मी मुले मोलॅरिटी (एका लिटरमधील मोल) घेऊन तीव्रता गुणिले आकारमान दोन्हीकडे सारखे मानणारे तेच एम-एक व्ही-एक बरोबर एम-दोन व्ही-दोन वापरतात, सोडियम हायड्रॉक्साइडची तीव्रता ०.१ ऐवजी ०.०५ काढतात, आणि चूक आपल्याच हातून झाली असे समजून गप्प बसतात. अॅव्होगाड्रो संख्या, म्हणजे एका मोलमधील कणांची संख्या, मात्र ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात म्हणून सर्वांना पाठ आहे. घोटभर, म्हणजे १८ ग्रॅम पाण्यात तितके रेणू असतात, हे अकरावीपासून आम्हाला एकदाही कोणी दाखवून दिले नाही.

रीडिंगची कथा तर याहून वाईट आहे. ब्युरेटमधून, म्हणजे खुणा आणि तोटी असलेल्या काचनळीतून, सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब सोडत, फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाची फिकट गुलाबी छटा टिकेपर्यंत थांबून, शेजारच्या टेबलावरील मुलीने सलग तीन वेळा १०.७ मिली रीडिंग घेतले होते. आम्ल तोलताना किंवा फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी भरताना काय चुकले, हे तिच्याबरोबर बसून शोधता आले असते. त्याऐवजी बाकीच्या बॅचचे १०.१ आहे म्हणून तिला ते खोडायला लावले, आणि तिने तिन्ही ओळींत १०.१ लिहिल्यावर जर्नलवर लगेच सही झाली.